मुलांचे दिवस कोण मोजणार?

(द्वितीय वर्ष, कला)

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात लहानाचे मोठे झालेल्या बहुतेक मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक धमकी केव्हा ना केव्हा ऐकलेली असते : "नीट वागला नाहीस तर डोंगरीला टाकीन!" डोंगरी म्हणजे काय, तिथे कोण असते, कोण कोणाला आणि कोणत्या अधिकाराने टाकतो, हे धमकी देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि ऐकणाऱ्यालाही. भीती मात्र खरी असते. ज्या गोष्टीची आपल्याला भीती घातली गेली ती आहे तरी कशी, हे पदवीच्या वर्गात आल्यावर तरी आपण समजून घ्यावे, असे मला वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे शेजारीपाजारी कोणाकडे सरकारी कागद आला की तो वाचायला माझ्याकडे येतो. अशाच एका कागदामुळे मी या विषयाकडे वळले. तो प्रसंग पुढे येईलच. आधी विषयाची ओळख करून घेऊ.

तुरुंगापासून निरीक्षणगृहापर्यंत

डोंगरीचे नाव मराठी वाचकाला खरे तर वेगळ्याच कारणाने परिचित असायला हवे. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली, ती त्यांनी डोंगरीच्याच तुरुंगात भोगली. तेथील एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. त्याच जुन्या तुरुंगाच्या आवारात आज उमरखाडीचे मुलांचे निरीक्षणगृह आहे. १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था ते चालवते. म्हणजे भिंती तुरुंगाच्या आणि हेतू मात्र सुधारणेचा. आपल्याकडील बाल न्यायाची सारी गुंतागुंत या एका वास्तूत साठवलेली आहे, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

मुलाने गुन्हा केला तर त्याला प्रौढांसारखे वागवू नये, हा विचार आपल्या देशात कायद्याच्या रूपाने १८५० च्या सुमारास आला. त्या वर्षीच्या कायद्याने अशा मुलांना तुरुंगाऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवण्याची सोय केली. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे झाले. पुढे १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत अशी शिफारस केली आणि त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी आपापले बालक कायदे केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईचा कायदा नव्याने झाला. या बाबतीत आपला प्रांत देशात मागे नव्हता, हे अभिमानाने सांगता येईल.

परंतु कायदा होणे आणि तो मुलापर्यंत पोहोचणे यांत पुष्कळ अंतर असते. हे अंतर कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन, डोळ्यांनी पाहून, आकड्यांत मोजून दाखवले, तेव्हाच सुधारणा पुढे सरकली. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच.

एका पत्रकार बाईंची याचिका

याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांचे आहे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये महत्त्वाचा निकाल झाला होता. त्यानंतर त्यांनी देशभरच्या तुरुंगांत असलेल्या सोळा वर्षांखालील मुलांचा प्रश्न हाती घेतला. अशी मुले आहेत किती, कोणत्या तुरुंगात आहेत, किती काळ आहेत, हे साधे प्रश्न त्यांनी न्यायालयापुढे मांडले. न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांकडून माहिती मागवली. सर्व अहवाल वेळेवर आले नाहीत आणि त्याबद्दल न्यायालयाला नापसंती व्यक्त करावी लागली. ज्या देशात किती मुले तुरुंगात आहेत हे सर्वोच्च न्यायालयालाही पटकन कळत नाही, तिथे त्या मुलांच्या आईबापांना काय कळणार?

१३ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने दिलेला आदेश मुळातून वाचण्यासारखा आहे. मुलांना कोणत्याही सबबीवर तुरुंगात ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात मूल आरोपी असेल, तर तपास तीन महिन्यांत आणि खटला सहा महिन्यांत संपावा, अशी मुदतही त्यात घालून दिली. त्याचबरोबर, प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा असण्यापेक्षा संसदेने सर्व देशासाठी एकच कायदा करावा, असे न्यायालयाने सुचवले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम संमत झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला. एका बाईंनी तुरुंगाच्या दारात उभे राहून "किती?" असे विचारले, त्या प्रश्नाचा या कायद्यामागे मोठा वाटा आहे.

१९८६ च्या कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत आणि मुलगी अठरा वर्षांपर्यंत 'बालक' मानली जाई. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार स्वीकारला व भारताने १९९२ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानुसार २००० च्या नव्या कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद काढून दोघांसाठी अठरा वर्षांची मर्यादा ठरवली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या भीषण अत्याचारातील एक आरोपी अठरा वर्षांखालचा निघाला आणि देशभर संतापाची लाट उसळली. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात वयाची मर्यादा खाली आणू नये असेच मत दिले होते. तरीही २०१५ च्या कायद्यात एक तडजोड आली. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे अशा घोर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाचा मुलगा असेल, तर मंडळ त्याची प्राथमिक पारख करते आणि आवश्यक वाटल्यास त्याचे प्रकरण बालक न्यायालयाकडे जाऊन त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही तोच चालू आहे.

कायद्यातले दिवस

आता आजचा कायदा नेमके काय सांगतो ते पाहू. या कायद्यात मुलांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचा : अनाथ, हरवलेली, घर सोडून पळालेली, कामाला जुंपलेली. त्यांचा निर्णय बाल कल्याण समिती करते. दुसरा वर्ग म्हणजे ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशी मुले. सरकारी मराठीत त्यांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा जडजंबाल शब्द आहे. पण त्यामागचा विचार चांगला आहे : मुलाला 'गुन्हेगार' म्हणायचे नाही, कायद्याशी त्याचा खटका उडाला आहे एवढेच म्हणायचे. या मुलांचा निर्णय बाल न्याय मंडळ करते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकी एक स्त्री असावीच लागते. म्हणजे मुलाचा न्याय एकट्या न्यायाधीशावर सोडलेला नाही, समाजाची दोन माणसे त्याच्या शेजारी बसवलेली आहेत.

मला या कायद्याचे सर्वांत विशेष वाटले ते हे, की तो पानोपानी दिवस मोजतो. मूल ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे हजर केले पाहिजे. मधल्या काळात त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. आईवडिलांना ताबडतोब कळवले पाहिजे. परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची चौकशी करून सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. मंडळाने चार महिन्यांत चौकशी पुरी करायची, फार तर आणखी दोन महिने वाढवून घ्यायचे. गुन्हा किरकोळ असेल, म्हणजे ज्याला जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे असा असेल, आणि वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही, तर प्रकरण तिथेच संपुष्टात येते. घोर गुन्ह्यातील प्राथमिक पारख तीन महिन्यांत झाली पाहिजे. आणि दोषी ठरल्यावर मंडळ मुलाला विशेष गृहात ठेवते ते जास्तीत जास्त तीन वर्षे.

जामिनाचेही तसेच. प्रौढाच्या बाबतीत जामीन मागावा लागतो. मुलाच्या बाबतीत जामीन हाच नियम आहे. तो जामीनदारासह वा जामीनदाराशिवाय देता येतो आणि तीनच कारणांनी नाकारता येतो : सुटल्यावर मूल ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याचा संभव, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका, किंवा न्यायाचा हेतूच विफल होण्याची भीती. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांनुसार तर घोर गुन्हा नसेल आणि बरोबर प्रौढ आरोपीही नसेल, तर मुलाविरुद्ध गुन्हा नोंदवायचासुद्धा नाही; पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या परिस्थितीची माहिती मंडळाला द्यायची. शिवाय मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता छापता येत नाही, आणि मंडळाने दोषी ठरवले तरी त्यामुळे पुढे नोकरीस तो अपात्र ठरत नाही. अपवाद फक्त प्रौढाप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेल्यांचा.

एवढे सगळे वाचल्यावर कोणालाही वाटेल, की मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की कायद्यातले दिवस आणि मुलाच्या आयुष्यातले दिवस यांची गाठ कोणी घालून देत नाही.

एक कागद

आमच्या वस्तीतील एक सतरा वर्षांचा मुलगा. नववीतच शाळा सुटलेली. पण पुन्हा शिकायचे म्हणून त्याने दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. परीक्षेची फी जमवण्यासाठी तो लग्नसराईत एका केटररकडे वाढप्याचे काम करायचा. हे काम जिल्ह्याबाहेरही असे. अशाच एका लग्नात पाहुण्याचा मोबाइल गेला आणि वाढपी मुलांपैकी याला पोलिसांनी ताब्यात घेतले. याचे नाव, वस्तीचे नाव, ते गाव किंवा ते पोलीस ठाणे मी इथे लिहिणार नाही. कायद्याचे कलम ७४ तसे सांगते, आणि माणुसकीही तेच सांगते.

आईवडिलांना ही गोष्ट कळली तिसऱ्या दिवशी, आणि तीही बरोबरच्या एका मुलाकडून. वडील नाक्यावर उभे राहून रोजचे काम मिळवणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. दूरच्या गावी जायचे म्हणजे दोघांचाही खाडा. गेल्यावर कळले की शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे, कारण मुलाचे वय ठरवायला कायदा आधी शाळेचा किंवा दहावीच्या मंडळाचा दाखला पाहतो, तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. दाखल्यासाठी परत आले. दाखला मिळाला तर हमीपत्रावर काय लिहायचे ते कळेना. या येण्याजाण्यात मुलगा एकोणीस दिवस निरीक्षणगृहात राहिला. त्याला तिथे कोणी मारले नाही, जेवण वेळेवर मिळाले, हे तो स्वतः सांगतो. पण दहावीच्या लेखी परीक्षेचे पहिले तीन पेपर त्या एकोणीस दिवसांत होऊन गेले.

मुलगा घरी आला तेव्हा आईने पदराखालून कागदांची गुंडाळी काढून माझ्यापुढे ठेवली. "बाय, तू कॉलेजात जातेस ना? हे वाच आणि सांग, पोरगा सुटला का नाही?" मी तो कागद तीनदा वाचला. मुलगा जामिनावर सुटला होता. प्रकरण सुटले नव्हते. त्यानंतर दर तारखेला एक जण कामावर खाडा करायचा. सहा महिने उलटून गेले तरी तारखा चालूच राहिल्या.

कॉलेजच्या ग्रंथालयात बाल न्याय अधिनियमाची प्रत आहे. तिच्यातले कलम १४ मी वहीत उतरवून घेतले. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा, म्हणजे या कायद्याच्या भाषेत तो किरकोळ गुन्हा. चार महिने झाले, वरचे दोनही झाले. मग ते प्रकरण चालू कसे? त्या मुलाच्या आईबरोबर मी विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. गरिबांना आणि मुलांना तिथे फुकट वकील मिळतो, हे मला पुस्तकातच कळले होते. वकीलबाईंनी वहीतले कलम पाहिले, कागद चाळले आणि एक पानी अर्ज लिहिला. पुढच्याच तारखेला प्रकरण बंद झाले. अकरा महिन्यांनी.

यात माझे कर्तृत्व काही नाही. मी फक्त महिने मोजले. कायद्यात लिहिलेले दिवस मोजायला त्या कुटुंबाकडे कोणी नव्हते, एवढेच यातून दिसते. ज्यांच्याकडे मोजणारा कोणी नाही अशी किती कुटुंबे असतील, हा खरा प्रश्न आहे.

दोन मुले, एक कायदा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. काही तासांतच त्या मुलाला जामीन मिळाला. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट तर सगळ्या देशात हास्याचा आणि संतापाचा विषय झाली. लोकांचा क्षोभ पाहून त्याला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले. परंतु २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, जामीन झालेल्या मुलाला असे डांबणे बेकायदेशीर आहे म्हणून त्याची सुटका केली. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली.

त्या वेळी आमच्या वर्गात या प्रकरणावर कडाक्याचे वाद झाले. ज्यांची मुले गेली त्या आईबापांचे दुःख कोणत्याही कायद्याने भरून निघणारे नाही, आणि त्या निबंधाच्या अटीचे समर्थन मी करणार नाही. तरीही एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. काही तासांत जामिनाचा विचार होणे ही कायद्यातली चूक नाही. कायदा सगळ्याच मुलांना ते देऊ करतो. अन्याय असा, की मोटारवाल्या घरातील मुलाला जे तासांत मिळते, ते वाढप्याच्या मुलाला आठवड्यांनी मिळते. पहिल्याचे तास पाहून आपण चिडतो. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांचेच दिवस वाढवले, तर ते वाढतील दुसऱ्याचेच. पहिल्याकडे वकील आहेतच.

काही जण विचारतात, "मुले हल्ली फार बिघडली आहेत, कायदा कडक नको का?" राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे पाहा. देशात त्या वर्षी ५८ लाखांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. त्यांत मुलांवरच्या आरोपांची प्रकरणे ३० हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. पकडलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक सोळा ते अठरा वयाची. म्हणजे जी शाळेतून बाहेर पडली आणि कामाला धड लागली नाहीत ती. हे वय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी आपणही त्यातच होतो.

आपला जिल्हा

पालघर वेगळा झाल्यावर (१ ऑगस्ट २०१४) ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले, पण महानगरपालिका सहा आहेत. मुलांचे निरीक्षणगृह भिवंडीत आहे. नकाशावर भिवंडी जिल्ह्याच्या मधोमध दिसते. परंतु आपला जिल्हा लोकलच्या रुळांवर जगतो आणि कल्याणहून भिवंडीला लोकल जात नाही. वसई-दिवा मार्गावरच्या भिवंडी रोड स्थानकाला गाड्या मोजक्याच. कसाऱ्याच्या किंवा मीरा रोडच्या आईला तिथे मुलाला भेटायला जायचे तर एक दिवस गेलाच. हा दोष कोणाचा म्हणून मी सांगत नाही. पण मुलाच्या न्यायाचा विचार करताना एस.टी.चे वेळापत्रकही विचारात घ्यावे लागते, हे सांगायचे आहे.

दुसरे म्हणजे कल्याण जंक्शन. इथे रूळ फुटतात, एक फाटा कसाऱ्याकडून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून घर सोडून निघालेली मुले कल्याण, ठाणे, दादर या फलाटांवर उतरतात. अशा मुलांना हेरून परत घरी पोहोचवण्याचे काम ठाण्याची समतोल फाउंडेशन ही संस्था करते. फलाटावरचे पळालेले मूल पहिल्या वर्गातले, म्हणजे काळजीची गरज असलेले. त्याला वेळीच कोणी विचारले नाही तर तेच काही दिवसांत दुसऱ्या वर्गात जाते. या दोन वर्गांमधली रेघ फलाटावर फार पुसट असते.

गृहांच्या आत काय चालते, यावरही लक्ष हवेच. २०१० मध्ये आपल्याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील उपासमार आणि अत्याचार यांच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रा. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली राज्यातील अशा गृहांसाठी समिती नेमली. बातमीदार तिथे पोहोचला नसता, तर त्या मुलांचा आवाज बाहेर आलाच नसता. ती स्वतः तक्रार लिहू शकत नव्हती.

मोजणारी माणसे

याच टाटा संस्थेची परंपरा आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. १९३६ मध्ये समाजकार्याचे विद्यालय म्हणून ती सुरू झाली. तिच्या 'प्रयास' या प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून तुरुंग, कोठडी आणि न्यायालय यांत अडकलेल्या माणसांबरोबर काम करतात. १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवा याच संस्थेने १९९६ मध्ये मुंबईत प्रयोग म्हणून सुरू केली. ती पुढे देशभर पसरली आणि २०२३ मध्ये शासनाने आपल्याकडे घेतली. 'कोशिश' या तिच्या आणखी एका प्रकल्पाच्या तुकडीने २०१७ मध्ये बिहारमधील निवारागृहांची पाहणी केली. त्या अहवालातून मुझफ्फरपूरच्या मुलींवरील अत्याचार उघडकीस आले आणि २०२० मध्ये दोषींना शिक्षा झाल्या. हातात वही घेऊन "तुम्ही कशा आहात?" असे विचारणाऱ्या तरुण मुलामुलींनी हे केले.

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल देताना मंडळांतील रिक्त जागा भराव्यात, कायद्याप्रमाणे सामाजिक लेखापरीक्षण व्हावे, असे बजावले. ही याचिका २००५ ची होती. आणि २०२५ मध्ये 'इंडिया जस्टिस रिपोर्ट' या अभ्यासगटाने माहितीच्या अधिकाराखाली आकडे मिळवून प्रसिद्ध केलेल्या अहवालात काय आढळले? ३१ ऑक्टोबर २०२३ अखेर ३६२ मंडळांपुढील एक लाखाहून थोड्या अधिक प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रलंबित होती, आणि जवळपास एक चतुर्थांश मंडळांत सदस्यांची संख्या पुरी नव्हती. चार महिन्यांच्या कायद्याची ही स्थिती. हे आकडेही आपण होऊन कोणी छापले नव्हते. ते विचारून मिळवावे लागले.

आपल्याला काय करता येईल?

आमच्या महाविद्यालयात समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय शिकवले जातात, राष्ट्रीय सेवा योजनेचा विभाग आहे, दर वर्षी प्रकल्प लिहावे लागतात. बहुतेक प्रकल्प पुस्तकांतून पुस्तकांत जातात. त्याऐवजी चार साध्या गोष्टी विचारता येतील. पहिली : आपल्या परिसरातील प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, त्याचे नाव फलकावर लावले आहे का? कायद्याने प्रत्येक ठाण्यात तो असायला हवा. दुसरी : जिल्ह्यातील मंडळापुढे किती प्रकरणे आहेत, त्यांतली किती चार महिन्यांवर गेली? नावे नकोत, फक्त संख्या. ती माहितीच्या अधिकारात मागता येते. तिसरी : गृहांची तपासणी करणाऱ्या समितीची भेट तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी, ती झाली का? चौथी : निरीक्षणगृहातून दहावी-बारावीच्या परीक्षेला बसलेली मुले किती आणि परीक्षा चुकलेली किती? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर त्या सतरा नंबरच्या फॉर्मवाल्या मुलासारखी आणखी किती आहेत ते कळेल.

प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती आहे. मंडळावरील सामाजिक कार्यकर्ता होण्यासाठी मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव, किंवा बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र वा कायदा यांतील पदवी आणि व्यवसाय लागतो. अशी माणसे आपल्या महाविद्यालयांत आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांत आहेत. जागांच्या जाहिराती निघतात तेव्हा त्यांनी अर्ज करावेत. आणि ज्यांना तेवढे जमणार नाही त्यांनी आठवड्यातला एक तास वस्तीतल्या लोकांचे कागद वाचून द्यावेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे आहे. पण ज्यांना ती पायरी चढावीच लागते त्यांच्याबरोबर एक वाचता येणारे माणूस असायला काय हरकत आहे?

त्या मुलाने या वर्षी पुन्हा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. बीजगणित त्याला जड जाते; रविवारी तो माझ्या भावाबरोबर अभ्यासाला बसतो. गेलेले वर्ष त्याला परत मिळणार नाही. पण पुढच्या कोणाचे तरी एकोणीस दिवस दोनावर आणता येतील, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. आहे त्या कायद्यातले दिवस आपण मोजायला लागलो तरी पुरे.